मडक्यातला पांढरा दाणा

एका गावात एक कारभारी होता, आणि त्याच्यावर नाराज असलेलं माणूस त्या गावात एकही नव्हतं. निदान त्याची तरी तशी खात्री होती. गावाचं नाव मी सांगत नाही. तिथली माणसं भांडायला पक्की आहेत, उगाच दारात येऊन उभी राहतील. पूर्वी ती तशी नव्हती. कशी झाली, तेच तर सांगायचंय.

कारभाऱ्याचं नाव हैबतराव. अंगानं भरदार, मिशा झुपकेदार, आणि आवाज असा, की त्यानं "कोण आहे रे तिकडं?" म्हटलं की निष्पाप माणूससुद्धा "मी नाही" म्हणायचा. पण मनानं वाईट नव्हता हो. एकच खोड होती. आपण जे करतो ते सगळ्या गावाला पटतं, असं त्याला अगदी मनापासून वाटायचं.

वाटायला कारणही होतं. त्या गावात दर तिसऱ्या वर्षी, पौषात खळी आटोपली की, कारभारी निवडायची रीत होती. देवळासमोरच्या पारावर दोन टोपल्या ठेवायच्या. उजवी टोपली कारभाऱ्याची. डावी टोपली 'हा कारभारी नको' म्हणणाऱ्यांची. गावात घरं एकसष्ट, घरटी एक चवळीचा दाणा. घरातल्या कर्त्या माणसानं यायचं, हव्या त्या टोपलीत दाणा टाकायचा आणि निघायचं. किती सोपं!

फक्त उजव्या टोपलीला टेकून हैबतराव स्वतः बसलेला असायचा. मांडीवर पेढ्यांचं ताट. येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून तो हसायचा आणि विचारायचा, "काय रे, बैल बरे आहेत ना? म्हातारी बरी आहे ना?" आता तुम्हीच सांगा, असा माणूस पुढ्यात बसलेला असताना डाव्या टोपलीकडे हात कुणाचा वळेल? लोक गुपचूप उजवीकडे दाणा टाकत, पेढा घेत आणि घरी जात.

अशी अठरा वर्षं गेली. सहा वेळा निवड झाली, आणि सहाही वेळा एकसष्टच्या एकसष्ट दाणे उजवीकडे. डाव्या टोपलीचा कुणाला उपयोगच उरला नव्हता. त्यामुळं सातव्या खेपेला काय झालं, तर तिच्यात अंडं निघालं.

दाणे मोजायचं काम देवळाच्या सदोबा गुरवाचं. त्यानं नेहमीसारखे उजवीकडचे दाणे मोजले आणि ओरडला, "उजवीकडं एकसष्ट!" मग त्यानं डाव्या टोपलीत हात घातला आणि त्याचा चेहरा उतरला. "आणि डावीकडं... डावीकडं एक अंडं आहे, कारभारी."

कुणी तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला. कुणी आभाळाकडं बघायला लागलं.

हैबतराव उठून उभा राहिला. "कोंबडी कुणाची?"

"माझी," मागून आवाज आला.

ही ठकूबाई कुंभारीण. खालच्या आळीत राहायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. ती, तिचं चाक आणि ती कोंबडी. चाकावर हात मऊ चालायचा, जीभ मात्र अशी चालायची की विचारू नका. पण बिचारी आतून पार मेटाकुटीला आली होती. गावाच्या तळ्यातून पाण्याचा पाट यायचा, तो आधी हैबतरावाच्या केळीच्या बागेत शिरायचा. तिथून वरच्या आळीत. मग उरलं तर खालच्या आळीत. पौषापर्यंत थोडंफार पाणी यायचं. चैत्र लागला की पाटात नुसता ओला चिखल, आणि पुढं तोही नाही. पाण्याशिवाय माती कशी मळणार? दर उन्हाळ्यात तिचं चाक चार महिने बंद पडायचं, आणि ती भावाच्या गावी जाऊन भावजयीच्या हाताखाली भांडी घासायची. यंदा भावाचा निरोप आला होता, 'आता कायमचीच ये. चाक विकून टाक.' तिनं मनाशी ठरवलं होतं, या उन्हाळ्यातही पाणी आलं नाही तर विकायचं.

ती हैबतरावाकडं कधी गेली नव्हती असं नाही. एकदा गेली होती. हैबतराव गोड आवाजात म्हणाला होता, "अगं ठकूबाई, पाणी पुरत नाही असं आणखी कुणीच कसं म्हणत नाही? तुझासुद्धा दाणा माझ्याच टोपलीत आहे की!" आणि ते खरंच होतं. तिचाही दाणा उजवीकडंच पडत आला होता. पेढाही खाल्ला होता तिनं.

तर आता हैबतराव डोळे वटारून म्हणाला, "तुला कोंबडी सांभाळता येत नाही?"

"तिला काय कळतंय, कारभारी?" ठकूबाई म्हणाली. "अंडं घालायला निवांत जागा शोधत होती. या टोपलीइतकी निवांत जागा अख्ख्या गावात नाही."

आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा गाव कारभाऱ्यासमोर हसलं. आधी एक जण फिसकन हसला, मग दहा, मग सगळे. सदोबा गुरवसुद्धा अंडं हातात धरून गदागदा हलत होता.

हैबतरावाच्या ते जिव्हारी लागलं. त्यात आठवडी बाजारात शेजारगावच्या कारभाऱ्यानं त्याला आधीच डिवचलं होतं. "टोपलीला टेकून बसलास तर धोंडासुद्धा तुझ्याच टोपलीत पडेल, हैबतराव!" ते त्याला आत्ता आठवलं आणि तो गरजला, "मी इथं बसतो म्हणून दाणे पडतात असं वाटतं काय तुम्हाला? अरे, माझी पाठ वळलेली असली तरी एकसष्टच पडतील!"

"मग एकदा तसंच होऊ द्या की," ठकूबाई म्हणाली. "उघड्या टोपल्या नकोत, मी लांब गळ्याचं मडकं घडवून आणते. कोपरापर्यंत हात आत जाईल, पण कुणी काय टाकलं ते कुणालाच दिसणार नाही."

सदोबा घाबरला. "छे छे, कशाला उगाच? चाललंय ते बरं चाललंय की, कारभारी."

"का रे? तुला काही शंका आहे?"

"मला? नाही नाही नाही!"

"मग?"

"मग... मग होऊ द्या," सदोबा म्हणाला आणि अंडं खाली ठेवलं.

अशी त्या गावात निवडणुकीची सुधारणा झाली. कुणाच्या शहाणपणानं नाही हो, कारभाऱ्याच्या फुशारकीनं झाली. पण झाली.

पाटाला शेवटचं पाणी होतं तेवढ्यात ठकूबाईनं माती मळली आणि दोन मडकी घडवली. आठ दिवसांनी गाव पुन्हा पारावर जमलं. आता प्रत्येक घराला दोन दाणे, एक लाल चवळीचा आणि एक पांढऱ्या चवळीचा. कारभारी हवा असेल तर लाल, नको असेल तर पांढरा. हवा तो दाणा पहिल्या मडक्यात टाकायचा, उरलेला दुसऱ्यात. हैबतराव लांब, पिंपळाखाली जाऊन बसला. जाताना पेढ्यांचं ताट मात्र घेऊन गेला.

लोक एकेक करून आले. काहींनी पटकन हात घालून काढला. काहींचा हात मडक्यात इतका वेळ राहिला की सदोबाला वाटलं, आत झोप लागली की काय.

मग मोजणी झाली. साठ लाल. एक पांढरा.

"कारभाऱ्यांचा विजय असो!" लोक ओरडले. हलगी वाजली. पण हैबतराव हलला नाही. तो पांढरा दाणा तळहातावर घेऊन तो त्याच्याकडं बघत बसला. कुणी हार घातला तेही त्याला कळलं नाही.

घरी बायकोनं पुरणपोळी वाढली. ती तशीच राहिली.

"अहो, साठ मिळाले की!" कारभारीणबाई म्हणाल्या.

"एक गेला," हैबतराव म्हणाला. "माझ्याविरुद्ध एक माणूस आहे गावात. रोज मला रामराम घालतो, आणि आतून... कोण असेल गं?"

दुसऱ्या दिवशी त्यानं एकेकाला बोलावून घेतलं. लोहाराच्या भैरूनं आईची शपथ घेतली. शिंप्यानं सहा देवांची घेतली, आणि घाईघाईत एक देव दोनदा आला. शाळेचे मास्तर म्हणाले, "मी तर दोन्ही दाणे लाल मागणार होतो." एक जण तर काही विचारायच्या आतच रडायला लागला. संध्याकाळपर्यंत साठ घरांनी साठ शपथा घेतल्या. म्हणजे एक शपथ खोटी होती, पण ती कुठली, हे काही कळेना.

हैबतरावाची पार दैना झाली. रस्त्यात कुणी हसलं की त्याला वाटे, हाच तो. कुणी हसलं नाही की वाटे, हाच तो. शेवटी कारभारीणबाई वैतागल्या. "तो माणूस तुम्हाला सापडायचा नाही. निदान त्याचं दुखतंय काय ते तरी शोधा!"

"आपल्या गावात दुखायला काय झालंय कुणाला?"

"तट्टावरून उतरा आणि एकदा चालत गावातून फिरून या."

अठरा वर्षांत हैबतराव गावातून पायी फिरला नव्हता. तो निघाला. लोहार आळीत शिरला आणि दहाव्या पावलाला गुडघाभर गटारात गेला. बाहेर आला तो आनंदानं ओरडतच. "सापडला! दाणा लोहार आळीतला आहे! असल्या गटाराशेजारी राहणारा माणूस लाल दाणा टाकेलच कसा?" आठ दिवसांत गटार बांधून झालं. मग त्यानं भैरूला बाजूला घेतलं. "आता तरी खरं सांग. तूच ना?"

"नाही हो, कारभारी," भैरू म्हणाला. "पण गटार झालं ते लई बरं झालं."

म्हणजे तो नव्हे! हैबतराव पुढं गेला. शाळेत डोकावला. कौलं फुटलेली, मास्तर एका कोपऱ्यात आणि पोरं दुसऱ्या कोपऱ्यात, कारण मधोमध ऊन. "मास्तर, तुम्हीच ना?" मास्तर पुन्हा शपथ घ्यायला लागले. कौलं बदलून झाली. मग देवळामागच्या विहिरीचा रहाट दुरुस्त झाला. मग बाजाराच्या वाटेवरची काटेरी झुडपं निघाली. प्रत्येक वेळी हैबतराव विचारायचा, "आता तरी कबूल कर!" आणि प्रत्येक जण म्हणायचा, "मी नाही, पण उपकार झाले."

गावाला मजा वाटायला लागली. अठरा वर्षांत जे झालं नव्हतं ते दोन-अडीच महिन्यांत झालं होतं, आणि तेही एका दाण्याच्या धाकानं!

चैत्रात एका दुपारी हैबतराव खालच्या आळीत पोचला. ऊन मी म्हणत होतं. घशाला कोरड पडली होती. ठकूबाईच्या ओट्यावर टेकून तो म्हणाला, "ठकूबाई, जरा पाणी दे गं."

तिनं तांब्या आणून दिला. तो घटाघटा प्यायला. तांब्या परत देताना म्हणाला, "आणखी दे."

"आणखी नाही," ती म्हणाली. "तेवढंच होतं."

"म्हणजे? आणि तू काय पिणार?"

"संध्याकाळी जाईन की आणायला. देवळामागची विहीर आटलीय, पण दोन कोसांवर तर आहे नदी."

हैबतरावाच्या हातात तो रिकामा तांब्या तसाच राहिला. त्यानं आजूबाजूला पाहिलं. पाट कोरडा ठणठणीत. आणि ओसरीत चाक उभं करून दोरानं बांधून ठेवलेलं.

"चाक का बांधलंयस?"

"विकायला काढलंय. परवा गाडी येणार आहे. भावाकडं चाललेय मी, कायमची."

"अगं, पण मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं," ठकूबाई म्हणाली. "तुम्ही म्हणालात, आणखी कुणी म्हणत नाही."

खरं सांगतो, त्या वेळी हैबतरावाला लाज वाटली. पोटात गेलेलं ते तांब्याभर पाणी त्याला जड झालं. तो उठला, तडक पाटावर गेला आणि आपल्या बागेचं तोंड स्वतःच्या हातानं मातीनं बुजवलं. त्या दिवसापासून पाणी आधी खालच्या आळीत, मग वरच्या आळीत आणि शेवटी केळीला, असं सुरू झालं. त्या वर्षी केळी जरा बारीक आली. पण आली. आणि परवाची गाडी रिकामीच परत गेली.

त्या दिवशी पाटावरून परतताना हैबतरावानं तिलाही विचारलंच. "ठकूबाई, तूच ना गं?"

"मडकं मी घडवलं, कारभारी," ती म्हणाली. "कुणाच्या मुठीत काय होतं ते मला कसं कळणार?"

आणि पुढची गंमत ऐका. गावाचं भलं झालेलं दिसल्यावर लोकांची भीड चेपली. आता जो तो दुसऱ्याच्या कानात सांगायला लागला, "तो पांढरा दाणा माझा होता बरं का! कुणाला बोलू नकोस." भैरूनं सांगितलं. मास्तरांनी सांगितलं. सहा देवांच्या शपथा घेणाऱ्या शिंप्यानं सांगितलं. रडणाऱ्यानं तर सगळ्यांना सांगितलं. सदोबानं हिशेब लावला, तर त्या एका दाण्याचे चोपन्न धनी निघाले!

बघता बघता तीन वर्षं झाली. पुन्हा पौष आला, पुन्हा मडकं पारावर आलं. या वेळी हैबतराव खुशीत होता. गटार केलं, कौलं केली, पाणी दिलं. आता तो एकही आपलाच झाला असणार! त्यानं पेढे दुप्पट आणले आणि हलगीवाल्याला आधीच सांगून ठेवलं.

सदोबानं मडकं पालथं केलं आणि मोजायला बसला. मोजून झालं, पण आकडा काही त्यानं सांगितला नाही. त्यानं पुन्हा मोजलं.

"बोल की!" हैबतराव म्हणाला.

"साठ पांढरे," सदोबा पुटपुटला. "एक लाल."

हैबतराव दाण्यांच्या ढिगाशी खाली बसला. म्हणाला, "तो लाल माझा."

गावाला तर कारभाऱ्याहून मोठा धक्का बसला होता. शेवटी भैरू लोहार खाली मान घालून म्हणाला, "कारभारी, राग मानू नका. तुम्ही चांगलं काम केलंत. पण मला वाटलं, एखादा पांढरा असला की तुम्ही हललेले बरे राहता. बाकीचे लाल टाकतीलच. म्हणून आपला मी एकट्यानं..."

"मीपण तसंच," मास्तर म्हणाले.

"मीपण," शिंपी म्हणाला.

"आम्हीपण," पाराच्या चहूकडून आवाज आले. प्रत्येकानं एकट्यानंच टाकला होता! आता याला काय म्हणावं, सांगा.

हैबतरावाचा चेहरा लालबुंद झाला. तो उठला, त्यानं ते लांब गळ्याचं मडकं दोन्ही हातांनी उचललं आणि डोक्याच्या वर धरलं. "यानं केलं हे सगळं! मला हे मडकंच नको! पुन्हा टोपल्या आणा!"

बायकांनी पोरं मागं ओढली. सदोबानं डोळे मिटून घेतले. ठकूबाई मात्र पुढं आली, पाराच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "फोडा, कारभारी. माझी काही हरकत नाही. मी दुसरं घडवीन. आता बारा महिने पाणी आहे माझ्या दारात. तुम्हीच दिलंय."

हैबतराव मडकं तसंच धरून उभा राहिला. त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग समोरच्या साठ घरांच्या माणसांकडं पाहिलं. त्याच्या ध्यानात आलं, की या सगळ्यांना आता हवं ते मुठीत धरायची सवय लागली आहे. मडकं फोडून ती मोडायची नाही. त्याचे हात दुखायला लागले. त्यानं मडकं हळूच खाली ठेवलं, कडेला चीर गेली नाही ना ते पाहिलं, आणि डोक्यावरचं पागोटं काढून त्याच्या शेजारी ठेवलं.

"रीत म्हणजे रीत," तो म्हणाला. "मी कारभारी नाही. आता नवा कोण?"

एकसष्ट घरांचं गाव, पण जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघतोय.

"अरे, कोण उभं राहतंय?" हैबतराव ओरडला. "साठ जण माझ्या विरोधात, आणि विरोधक एकही नाही?"

यावर कुणी हसलं नाही, कारण ते खरं होतं. मडक्यात हात घालून 'नको' म्हणणं सगळ्यांना जमलं होतं. पण बाहेर, उजेडात, हैबतरावासमोर उभं राहून 'मी करून दाखवतो' म्हणणारा कुणी नव्हता.

"मी उभी राहते," ठकूबाई म्हणाली.

सदोबानं डोळे उघडले.

"पण दोन गोष्टी सांगते," ती पुढं म्हणाली. "एक. घरटी एक दाणा, ही रीत मला मान्य नाही. घरात चुलीपाशी बसलेल्या बाईला तिचं मत नाही काय? ज्याला-जिला कळतंय, त्या प्रत्येकाला आपला आपला दाणा मिळायला हवा. आणि दुसरी. मत झाकून द्या, ते तुमचं तुमच्यापाशी. पण मी एकटी उभी राहणार नाही. माझ्या पाठीशी कोण येतंय? आत्ता, सगळ्यांसमोर?"

सगळ्यात आधी तिची कोंबडी आली आणि तिच्या पायाशी उभी राहिली. त्यावर जो हशा पिकला, त्यानं सगळ्यांना धीर आला. भैरू लोहार आला. त्याच्या मागून त्याची बायको. मग खालची आळी सगळीच आली. शिंपी निघाला, हैबतरावाकडं पाहून अर्ध्यात थांबला, आणि मग आलाच. चाळीसेक माणसं तिच्या मागं उभी राहिली. मास्तर आपल्या जागेवरून उठून हैबतरावाच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "मी यांच्या बाजूनं. कौलं चांगली बसवलीत." हैबतरावाला भरून आलं. कुणी समोर उभं असताना कुणी शेजारी येऊन बसलं, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. तो म्हणाला, "माणशी एक दाणा, कबूल. आणि मीही उभा राहतो."

आठ दिवस गावात नुसता कल्ला होता. पारावर वाद, विहिरीवर वाद, जेवताना वाद. हैबतराव पायी दारोदार फिरला. ठकूबाई डोक्यावर मडकी घेऊन फिरली. पेढे कुणीच वाटले नाहीत.

निवडीच्या दिवशी दोनशे चौदा दाणे पडले, आणि त्यांतले निम्मे बायकांचे होते. लाल हैबतरावाचा, पांढरा ठकूबाईचा. सदोबानं तीनदा मोजलं, कारण दोन्हीकडची माणसं त्याच्या दोन्ही खांद्यांवरून वाकून बघत होती. लाल एकशे बारा. पांढरे एकशे दोन.

हैबतराव दहा दाण्यांनी निवडून आला, आणि असा नाचला, असा नाचला, की एकसष्टच्या वेळी कधी नाचला नव्हता. "यातला एकही पेढ्याचा नाही!" असं तो दिसेल त्याला सांगत होता.

ठकूबाई हरली, पण भावाकडं गेली नाही. पारावर हैबतरावाच्या समोर तिला बसायला जागा मिळाली, आणि दर सोमवारी एकशे दोन माणसांच्या वतीनं ती प्रश्न विचारायला लागली. पहिल्याच सोमवारी तिनं विचारलं, "पाण्याची पाळी तुमच्या मर्जीवर का? भिंतीवर लिहून टाका. उद्या तुमची मर्जी फिरली तर?" हैबतरावानं कुरकुर केली, दोनदा घसा खाकरला, आणि देवळाच्या भिंतीवर गेरूनं पाळी लिहून घेतली. आधी खालची आळी, मग वरची, शेवटी कारभाऱ्याची बाग.

तो पहिला पांढरा दाणा कुणाचा होता, असं मला लोक अजून विचारतात. मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. झाकून टाकला होता ना? मग झाकलेलाच राहू द्या.

आता एवढंच सांगून संपवतो. निवडून आला त्या दुपारी हैबतराव घरी जेवायला बसला. कारभारीणबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मडक्यात हात घातला होता. हैबतरावानं एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, तू कुठला टाकलास?"

कारभारीणबाईंनी भाकरी उलटली. "अहो, त्या मडक्याचा गळा लांब का ठेवलाय?"

हैबतरावाचा घास हातातच राहिला. त्यानं बायकोकडं पाहिलं. ती गालातल्या गालात हसत होती. म्हणजे काय समजायचं? लाल की पांढरा? त्याला काही कळेना. त्या दिवशी आमटीत मीठ कमी होतं, पण तो अवाक्षर बोलला नाही. उलट जेवण झाल्यावर आपलं ताट आपण उचललं, मोरीत नेऊन ठेवलं, आणि येताना एक घागर भरून आणली.

तात्पर्य: ज्याला तोंडावर 'नको' म्हणणारं कुणी नसतं, त्याला आपलंच गाव दिसत नाही. म्हणून मत झाकून द्यावं, पण विरोधात जो उभा राहील त्याच्या पाठीशी उजेडात उभं राहावं. त्यानं विरोधकाचं भलं होतं, गावाचं होतं, आणि सगळ्यात जास्त कारभाऱ्याचं होतं.